परकारभाईंची माशांची फाईल

"बाय, हात मांडीखाली घ्या," मागून कोणीतरी म्हणालं.

मी वळून पाहिलं. साठीकडे आलेले एक गृहस्थ माझ्या खुर्चीमागे उभे होते. मेंदी लावलेली आखूड दाढी, कडक इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायात रबरी चपला. मी चिपळूणची. अनोळखी पुरुषानं हात कुठे ठेवायचे ते सांगावं आणि आम्ही ऐकावं, अशी पद्धत आमच्याकडे नाही. पण आजूबाजूला पाहिलं तर खोलीतली निम्मी माणसं शिक्षा झाल्यासारखी आपापल्या हातांवर बसली होती. त्यात दोघांनी तर टायही लावले होते. मग मीही बसले.

मस्कतच्या अल् घुब्रा भागातली ती खोली एरवी शाळेच्या मुलांच्या शिकवणीची. वर्षातून एका शुक्रवारी ती आमच्या गटाला मिळायची. डेटाबेस म्हटलं की लोकांना बँका आणि विमानतळ आठवतात. आमचं काम तेवढं मोठं नव्हतं. टेबलावरच्या साध्या कॉम्प्युटरमध्ये मावेल अशी एक फाईल, आणि तिच्यात कोणाच्या गॅरेजमधल्या गाड्या, कोणाच्या वाचनालयातली पुस्तकं, कोणाच्या कॅम्पमधल्या कामगारांच्या खोल्या. अशा फायली बनवणारे आणि वापरणारे त्या दिवशी एकत्र जमायचे, एकमेकांना शिकवायचे. सकाळी आठला सुरू, साडेअकराला जुम्म्याच्या नमाजासाठी सुट्टी, मग बिर्याणी, आणि मग डोळे मिटत असताना पुन्हा साडेचारपर्यंत.

यात दोन जाती होत्या. फायली बनवणारे पुढच्या रांगेत बसत आणि एकमेकांशी इंग्रजीत बोलत. वापरणारे मागे बसत आणि आपलंच काहीतरी चुकत असणार असं मानत. माझ्या मागे उभ्या राहिलेल्या त्या गृहस्थांनी, परकारभाईंनी, या दोन जातींचा रोटीबेटी व्यवहार लावून दिला होता. त्यांचा नियम असा, की प्रत्येकानं आपली फाईल आणायची, ती अनोळखी माणसापुढे उघडायची, आणि तो माणूस ती वापरत असताना दहा मिनिटं आपण शेजारी हातांवर बसून राहायचं. बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही, सुस्कारा टाकायचा नाही. दहा मिनिटांत आपली फाईल कुठे लंगडते ते कळतं. एका टायवाल्यानं पहिल्याच मिनिटाला "अहो, ते बटण नव्हे, खालचं" असं म्हणून नियम मोडला, तेव्हा परकारभाईंनी त्याला शांतपणे विचारलं, "तुमी काय त्याच्या ऑफिसात जल्मभर बाजूला बसनार हायत?"

परकारभाई दाभोळच्या खाडीकाठचे. शिक्षण म्हणाल तर गावच्या हायस्कुलात दहावी. ओमानात आले ते एका पंप दुरुस्तीच्या कंपनीत गोदाम सांभाळायला, आणि तिथेच एका जाड पुस्तकावरून, रोज एक पान याप्रमाणे, ते डेटाबेस शिकले. त्यांचा स्वतःचा माऊस रुमालात गुंडाळलेला असे. दुसऱ्याच्या माऊसला हात लावणं त्यांना दुसऱ्याची चप्पल घालण्यासारखं वाटे. "हे सोप्पं आहे" असं ते कधी म्हणत नसत. शिकवणाऱ्यानं सोप्पं म्हटलं की ज्याला जमत नाही तो आणखी गप्प होतो, असं त्यांचं मत होतं. ते म्हणायचे, "कठीन हाय, पन होनारा हाय." मला आयुष्यात भेटलेल्या एकाही शिक्षकाला हे सुचलं नव्हतं, आणि मी बी.एड. कॉलेजात एक वर्ष काढलेलं आहे.

त्या पहिल्या दिवशी मी माझी आजारी फाईल घेऊन गेले होते. मी डोळ्यांच्या एका छोट्या दवाखान्यात स्वागतकक्षात काम करत होते. पेशंटना पुढच्या तपासणीची तारीख द्यायची आणि त्या दिवशी सकाळी फोन करून आठवण करायची, एवढ्यासाठी मी फाईल बनवली होती. तारीख टाकली की त्या दिवशीच्या पेशंटांची यादी यायची. पण काही दिवस भलतेच लोक यायचे. मे महिन्यात यायचे ते मार्चमध्येच डोळे चोळत दारात. डॉक्टर माझ्यावर डाफरायचे, मी पेशंटांवर. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात माणसं विसराळू असतात असा शोधही मी लावला होता आणि घरी नवऱ्याला ऐकवला होता.

परकारभाईंनी माझ्या फाईलला हात लावला नाही. त्यांनी मला कागद दिला आणि गोंधळ झालेले दिवस लिहायला सांगितले. मी आठवून आठवून लिहिले. मग त्यांनी त्यातली सगळ्यात मोठी तारीख विचारली. बारा. तेरा, वीस, अठ्ठावीस, एकही नाही.

"बारापरयंत घोळ, तेरापासून नाय," ते म्हणाले. "बारा काय असतात जगात?"

"महिने," मी म्हणाले, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. मी लिहायचे पाच मार्च, तो प्रोग्रॅम वाचायचा तीन मे, कारण त्याच्या रीतीनं महिना आधी. तेरा तारखेला मात्र त्याला तेरावा महिना सापडायचा नाही, म्हणून तो मुकाट्यानं माझ्या रीतीनं वाचायचा. आठ महिने मी बिचाऱ्या पेशंटांना विसराळू ठरवलं होतं. मी खोलीतच हसत सुटले. परकारभाईही हसले, पण माझ्यावर नाही. दुरुस्ती त्यांनी मला माझ्याच हातानं करायला लावली आणि ती होईपर्यंत स्वतः हातांवर बसून राहिले. त्या दिवसापासून त्यांच्यासाठी मी बाय आणि माझ्यासाठी ते परकारभाई.

त्यांचा फोन दुसऱ्या घंटीच्या आत उचलला जाई. ओमानात सोहारपासून सूरपर्यंत कोणाची फाईल अडली की परकारभाईंना फोन. पण सगळ्यात जास्त फोन यायचे ते त्यांच्या स्वतःच्या कंपनीतून, आणि त्याचं कारण होती त्यांची स्वतःची फाईल. बाकीच्यांना हातांवर बसवणाऱ्या या माणसानं आपली फाईल मात्र कधी कोणापुढे उघडली नव्हती. हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षं लागली. मग एकदा बिर्याणीनंतर मी सरळ विचारलं. ते ओशाळले, आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

आत मासळीबाजार भरला होता. अशा फाईलीत नोंदींचे तक्ते असतात आणि त्यांना नावं द्यावी लागतात. शहाणा माणूस पंपांच्या तक्त्याला पंप म्हणतो. परकारभाईंच्या पंपांच्या तक्त्याचं नाव होतं सुरमय. सुट्या भागांचा बांगडा. गिऱ्हाइकांचा हलवा. मेकॅनिक मंडळींचा बोंबील, का ते त्यांनी सांगितलं नाही, पण त्यांचे मेकॅनिक पाहिल्यावर मला ते पटलं. तात्पुरते छोटे तक्ते म्हणजे मांदेली. एकंदर छत्तीस तक्ते, आणि सगळे खाडीत नाहीतर समुद्रात पोहणारे. कोणता भाग कोणत्या पंपाला बसतो, बातिना किनारपट्टीतल्या कोणत्या खजुराच्या बागेत कोणता पंप किती साली बसवला, त्याचं काय काय बदललं, ती सगळी माहिती या माशांच्या पोटात होती, आणि माशांची ओळख एकट्या परकारभाईंना.

मी कपाळावर हात मारला. तेव्हा त्यांनी कारण सांगितलं. पूर्वी ते दुसऱ्या एका कंपनीत असताना त्यांनी वर्षभर खपून एक फाईल बनवली होती. मालकाच्या भाच्यानं ती उचलली, पहिल्याच पानावर आपलं नाव घातलं आणि साहेब झाला. परकारभाई तिथून निघाले. पुढच्या फाईलीला त्यांनी अशी नावं दिली, की कोणी पळवली तरी त्याला ती पचू नये. युक्ती फार छान होती. फाईल कोणी पळवली नाही. पण ती कोणाला देताही येईना, आणि परकारभाई त्या जाळ्यात स्वतःच अडकले.

थोरल्या मुलीच्या निकाहाला ते गावी गेले होते. काझीसाहेब यायला अवकाश होता, तेवढ्यात फोन वाजला. कंपनीच्या रुसैलच्या गोदामात एक शेतकरी बंद पंप घेऊन उभा, बागेला पाणी नाही, आणि कोणता भाग काढायचा ते कोणाला कळेना. परकारभाई मांडवामागे माडाखाली गेले आणि फोनवर सांगू लागले, की आधी सुरमय उघड, त्यातून हलवा बघ, मग बांगडा मोज, मांदेलीला हात लावू नको. पाहुणे समजले की वलीम्याच्या जेवणाला ऐनवेळी गोश्त सोडून मासे करतायत. एका आत्तेनं म्हणे सुरमईबद्दल तक्रारही केली. ही गोष्ट परकारभाई रंगवून सांगत आणि आम्ही पोट धरून हसत असू. पण एकदा शेवटाकडे ते सहज बोलून गेले, की मुलगी कबूल म्हणाली तेव्हा ते माडाखालीच होते. त्यानंतर मला त्या गोष्टीवर पहिल्यासारखं हसता आलं नाही.

त्यांची बायको, सकिनाभाभी, गावी होत्या. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती, आणि सुट्ट्या सगळ्या जोडल्या तर दोघं एका घरात राहिली ती जेमतेम चार वर्षं. खाडीकडे तोंड करून घर बांधून झालं होतं. मुलं आपापल्या घरी गेली होती. भाभी त्या घरात एकट्या होत्या, गुडघे धरून. परकारभाईंना आता फक्त घरी जायचं होतं. त्यांनी राजीनामा दिला. अर्बाब, म्हणजे कंपनीचा ओमानी मालक, देवमाणूस. त्यानं त्यांना शेजारी बसवलं, कावा, म्हणजे अरबी कॉफी, पाजला, खजूर दिले, तब्येत विचारली, राजीनामा टेबलाच्या खणात ठेवला आणि "इन्शाल्ला" म्हणाला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. त्याचंही काय चुकलं? परकार गेला तर पंप कोण ओळखणार, असं तो विचारी, आणि याचं उत्तर खुद्द परकारभाईंकडेही नव्हतं. दुष्ट माणसाशी भांडता येतं, खजूर देणाऱ्याशी कसं भांडणार?

तिसऱ्या राजीनाम्याची हकिकत त्यांनी भाभींना फोनवर सांगितली.

"तिसरी चिठ्ठी पन खनात?" त्या म्हणाल्या. "मंग मनाच नेऊन खनात ठेवा. निदान त्या टेबलाजवल तरी ऱ्हाईन."

हे मला परकारभाईंनी मस्कतजवळच्या सीबच्या जुन्या बाजारात सांगितलं, हातात भाजीची पिशवी धरून. सांगताना ते हसायला गेले, पण हसू आलं नाही. मला त्यांचा रागच आला. मी म्हणाले, परकारभाई, अर्बाबनं तुम्हाला धरून ठेवलेलं नाही, तुमच्या सुरमईनं ठेवलंय. जगाला हातांवर बसवता, एकदा स्वतः बसून दाखवा. बोलले आणि जीभ चावली. वडीलधाऱ्या माणसाला असं बोलू नये. ते पिशवी सावरत निघून गेले. महिनाभर त्यांचा फोन नाही. मी हळहळत राहिले.

मग फोन आला. त्यांनी माशांची नावं बदलायला घेतली होती. आणि त्यांच्या हाताखाली बद्रिया नावाची एक नवी मुलगी आली होती.

बद्रिया रुस्ताकची. तिशीची, दोन मुलांची आई, काळ्या अबायातून हातातली वही कायम बाहेर डोकावणारी. हिंदी तिला टीव्हीमुळे येत होतं आणि ते ती आमच्यापेक्षा जास्त ठसक्यात बोले. समुद्राशी तिचा काही संबंध नव्हता. तिचं गाव डोंगरांच्या पायथ्याचं, तिथे माणसं कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या मोजतात, मासे नाही. परकारभाईंनी आधी तिला मासे शिकवायचा प्रयत्न केला. तिनं वही मिटून सांगितलं, की ती मासे पाठ करणार नाही. खिडकीवर आलेला मेकॅनिक ज्या शब्दानं भाग मागतो, तेच नाव तक्त्याला द्यायचं. परकारभाईंना ते लागलं. पण ज्या नियमानं त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलं तोच नियम ही मुलगी त्यांना सांगत होती, त्यामुळे त्यांनी तो मानला.

रोज एक मासा बदलायचा, असं ठरलं. तक्त्याचं नाव एका जागी बदलून भागत नाही. ते नाव फाईलीत जिथे जिथे वापरलेलं असतं तिथे तिथे जाऊन बदलावं लागतं, आणि एक जागा जरी राहिली तरी प्रोग्रॅम अडतो. परकारभाई मला फोन करून सांगायचे, आज हलवा गेला, आज बोंबील. आवाज असा की घरातलं कोणी गेलंय. बद्रियाबद्दलही सांगायचे. ती फार प्रश्न विचारते. डब्यातल्या सुकटीच्या चटणीचा वास आला म्हणून तिनं तीन दिवस खिडकी उघडी ठेवली, आणि हे नेमकं काय आहे ते विचारून वहीत लिहूनसुद्धा घेतलं. ही तक्रार होती की कौतुक, ते मला कळायचं नाही.

चौथा राजीनामा त्यांनी वेगळ्या रीतीनं दिला. अर्बाबला म्हणाले, आमच्या शिकण्याच्या दिवसाला या. तिथे बद्रिया माझी फाईल चालवील. मी बाजूला बसेन, बोलणार नाही. तिला जमलं तर मला सोडा. नाही जमलं तर मी पुन्हा मागणार नाही.

हे शेवटचं वाक्य त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी त्यांना वेड्यात काढलं. असं कोणी बोलतं का? भाभींना विचारलंत का? त्यांनी विचारलं नव्हतं.

त्या शुक्रवारी अर्बाब खरंच आला. पांढराशुभ्र पायघोळ दिशदाशा, डोक्याला गुंडाळलेला मसर, अत्तराचा दरवळ. आमच्या शिकवणीच्या खोलीत लिहायची फळी जोडलेल्या लहान खुर्च्या होत्या. त्यातल्या एकीत तो कसाबसा मावला आणि सगळ्यांना सलाम करून गप्प बसला. फाईल भिंतीवर मोठी दिसेल अशी सोय केली होती. बद्रिया कॉम्प्युटरपुढे बसली, वही उघडी ठेवून. परकारभाई तिच्या डाव्या बाजूला बसले आणि त्यांनी हात मांडीखाली घेतले. त्यांना तसं बसलेलं मी याआधीही पाहिलं होतं, पण ते दुसऱ्यांच्या फायलींसाठी. त्यांचे ओठ हलत होते. फाईलीची मांडणी आठवत होते की दुवा मागत होते, कोण जाणे.

अर्बाबनं खिशातून दुकानातली खरीखुरी चिठ्ठी काढली. रुस्ताकजवळच्या एका बागेतला पंप, जुनापुराणा, पाणी कमी फेकतोय. त्याला कोणते भाग लागतील, आणि ते गोदामात आहेत का?

बद्रियानं गिऱ्हाईक शोधलं. सापडलं. पंप शोधला. सापडला. यादीचं बटण दाबलं, आणि पडद्यावर एक छोटी करडी चौकट आली. चौकटीत एकच शब्द होता, Sukat, आणि खाली रिकामी जागा.

प्रोग्रॅमला एखादं नाव ओळखता आलं नाही की तो अशी चौकट पुढे करतो आणि याचं काय करू असं विचारतो. मला लगेच कळलं. छत्तीस मासे बदलताना एका कोपऱ्यात एक नाव राहून गेलं होतं. पंप जुना निघाला नसता तर त्या कोपऱ्यात कोणी गेलंही नसतं. परकारभाईंकडे पाहवेना. चेहरा उतरला होता, मानेवर घाम होता, एसी चालू असून. दोन शब्द बोलले असते तर सगळं मिटलं असतं. दोन शब्द बोलले असते तर ते आणखी किती वर्षं इथेच राहिले असते, कोण जाणे. अर्बाबनं विचारलं, "परकार, हे काय?" परकारभाईंनी नुसती मान हलवली.

बद्रियानं त्यांच्याकडे एकदाही पाहिलं नाही. ती वहीची पानं मागे मागे उलटत गेली. किती वेळ गेला असेल? मिनिटभर असेल. मी मनातल्या मनात चिपळूणच्या सगळ्या देवांना कामाला लावलं होतं. मग तिचं बोट एका ओळीवर थांबलं, आणि ती स्वतःशीच हसली.

"ये वो बदबू वाला है," ती म्हणाली. "सूखा हुआ. ताज़ा नहीं है, मतलब पुराना साल."

तिनं चौकट बंद केली, यादीच्या आतली मांडणी उघडली, सुकट खोडली आणि तिथे जुन्या वर्षांच्या तक्त्याचं नवं नाव घातलं. पुन्हा बटण दाबलं. पडद्यावर यादी आली, सात भाग, सहा गोदामात, एक मागवायचा. प्रिंटर घरघरला. तिनं कागद उठून अर्बाबच्या हातात दिला.

अर्बाबनं तो नाकाजवळ धरून वाचला. पंपांच्या धंद्यात त्याचा जन्म गेला होता, त्याला खरंखोटं कळत होतं. त्यानं कागदाची नीट घडी घातली.

"खलास, परकार," तो म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता, पण कुरबूरही नव्हती. "घर जाओ."

खोलीतल्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला, तो मला ऐकू आला. टायवाल्यानं टाळ्या वाजवल्या. मी तर सरळ रडायला लागले आणि रुमाल सापडेना म्हणून ओढणी वापरली. परकारभाई मात्र उठले नाहीत. मी जवळ गेले तेव्हा हळूच म्हणाले, "बाय, मना जरा धर. हाताना मुंग्या आल्यात." मी आणि बद्रियानं त्यांना दोन्हीकडून धरून उभं केलं. उभे राहिल्यावर त्यांनी आधी फोन काढला आणि बोटं वळत नसल्यामुळे तो माझ्याकडे दिला, भाभींचा नंबर लावायला.

रविवारी अर्बाबनं खणातले तिन्ही कागद काढले आणि सगळ्यांत जुन्यावर सही केली. दोन महिन्यांनी परकारभाई गेले. जाताना रुमालातला माऊस बद्रियाला देऊ केला, तर तिनं सांगितलं की तिचा स्वतःचा आहे.

पुढच्या मे महिन्यात आम्ही चिपळूणला गेलो होतो, तेव्हा मी नवऱ्याला घेऊन खाडी ओलांडून त्यांच्या गावी गेले. भाभींनी सांदणं केली होती. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. ठेंगण्याशा, हसऱ्या, डोळ्यांत मिश्कीलपणा. परकारभाई माडांना पाणी घालायला गेलेले असताना त्यांनी मला सगळं सांगितलं. आल्यावर महिनाभर हा माणूस ओट्याच्या कठड्यावर, जिथे रेंज चांगली येते तिथे, फोन ठेवून बसायचा. मस्कतहून कोणाचाच फोन येईना. आधी काळजी, मग चिडचिड. इतकी वर्षं केली आणि मेल्यांना आठवणसुद्धा नाही, असं म्हणू लागले. शेवटी एका दुपारी फोन वाजला, बद्रियाचा. हे धडपडत धावले. तिनं ईदच्या शुभेच्छा दिल्या, भाभींची चौकशी केली आणि फोन ठेवला. फाईलीचं नावसुद्धा काढलं नाही.

"मंग आत आले नि निजले," भाभी म्हणाल्या. "असे निजले बाय, मना वाटला आता उठवाया लागनार. आल्यापासना पैल्यांदा."

निघताना परकारभाई आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आले. मला राहवेना. आमच्या दवाखान्यात नवीन मोठी सिस्टीम येणार होती आणि माझ्या जुन्या फाईलीतले पेशंट तिच्यात न्यायचे होते. दोन्हीकडचे नंबर एकमेकांत अडकत होते. मी विचारलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तो जुना भाव आला. ते उकिडवे बसले, काटकी उचलली आणि तांबड्या मातीत एक तक्ता आखला. हे तुझे जुने नंबर, म्हणाले. त्याच्या शेजारी दुसरा आखायला घेतला.

आतून भाभींची हाक आली. कसल्याशा बरणीचं झाकण निघत नव्हतं.

"येतंय," परकारभाई म्हणाले. त्यांनी काटकी तिथेच टाकली, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि माझ्याकडे न बघता आत गेले. आम्ही थोडा वेळ थांबलो. आतून आधी भांड्याचा आवाज आला, मग दोघांचं बोलणं, मग हसणं. नवऱ्यानं फेरीबोटीची वेळ दाखवली, तेव्हा मी फाटकाची कडी आवाज न करता लावली. त्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर मला अजून मिळालेलं नाही, आणि ते विचारायला मी फोनही केलेला नाही.